धारेला लावलेला बोळा

तोंडाला साबण फासून, डोळे मिटून मी उभी होते, आणि पाण्याची धार एकदम बंद पडली.

हे अहमदपुरात झालं असतं तर मला नवल वाटलं नसतं. आमच्याकडे तेव्हा दुष्काळ होता, नळाला चार दिवसांआड पाणी यायचं आणि तेही रडत. पण हे गुप्तकाशी होतं. हिमालय! डोंगरातला झरा पाइपातून दिवसरात्र भदाभदा वाहत होता. मी चाचपडत हात पुढे केला, तर पाइपाच्या तोंडात कुणीतरी पंचा कोंबलेला.

"ये क्या कर रहे हो?" मी डोळे मिटूनच ओरडले.

"वो... पानी फुकट जा रा था ना," एक पुरुषी आवाज चाचरत म्हणाला.

मला साबणातही हसू फुटलं. "तुमी लातूरकडचे का हो?"

"चाकूरचा. तुमी कसं वळखलं?"

"दुसऱ्या कुणाला झऱ्याला बोळा लावायचं सुचणार? काढा आदी तो पंचा, डोळे झोंबून राहिले माझे!"

त्यानं पंचा ओढला, तुंबलेलं पाणी उसळलं आणि तो डोक्यापासून पायापर्यंत भिजला. खालचा चहावालाही शिव्या देत वर आला, कारण त्याच्या टपरीचं पाणी तिथूनच जात होतं. मी डोळे उघडले तेव्हा एक उंच, सावळा माणूस निथळत उभा होता आणि चहावाल्याची माफी मागत होता... पण त्याची नजर मात्र माझ्याकडे होती.

तो सिद्धेश्वर. आमच्या टोळीतला सातवा. रजा उशिरा मंजूर झाली म्हणून मागून एकटाच आला होता. लातूर जिल्हा वेगळा होऊन चार वर्षं झाली होती, आणि तिथल्या नव्या कलेक्टर कचेरीत तो कारकून होता. कुठल्या गावाला टँकरच्या किती खेपा, हे लावून देणं त्याचं काम. टोळीच्या म्होरक्या आमच्या उमाबाई. नांदेडच्या कॉलेजात भूगोल शिकवायच्या आणि दर उन्हाळ्यात पाच-सात जणांना घेऊन हिमालय गाठायच्या. या खेपेला केदारनाथ, आणि त्याच्याही वर चोराबाडीची हिमनदी.

माझे वडील महादेवप्पा, कापडाचे दुकानदार. परक्या माणसांबरोबर लेकीला डोंगर चढायला पाठवणं आमच्या घरात बसणारी गोष्ट नव्हती. पण केदार हे आम्हा लिंगायतांच्या पाच पीठांपैकी एक. बाईंनी नेमकी तीच कळ दाबली. नागप्पाकाकांनी घर डोक्यावर घेतलं, तरी अप्पा म्हणाले, "जा. पन जशी चाललीस तशीच परत ये. तुज्यावर सगळं हाय. तू नीट आलीस तर गौरम्माला नांदेडला धाडायचं बघू."

गौरम्मा माझी धाकटी बहीण. दहावीचे पेपर देऊन बसली होती आणि तिनं नांदेडच्या सायन्स कॉलेजचा ध्यास घेतला होता. मी निघताना तिनं माझ्या बुटांच्या नाड्या बांधल्या आणि म्हणाली, "अक्का, घसरू नको बरं का."

मी घसरलेच. बर्फावर नव्हे.

गौरीकुंडापासून चढ लागला. सिद्धेश्वर माझ्या मागं चालायचा. मी थांबले की थांबायचा आणि उगाच डोंगर न्याहाळायचा.

"दमलात व्हय?" मी विचारायची.

"छे! डोंगर बघून राहिलो."

"डोंगर पुढं हाय. तुमी माझ्या वेणीकडं बघून राहिलात."

"मग... वेणी मधी आली, त्याला मी काय करू?"

केदारनाथला पोचलो आणि थंडीनं दात वाजायला लागले. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन त्याची पूजा केल्याशिवाय मी सकाळी तोंडात काही घालत नाही. पहिल्या दिवशी तिथल्या बर्फगार पाण्यानं माझा तळहात निळा पडला. डोळ्यांतून पाणी आलं, पण पूजा केली. बाकीच्यांचा नाष्टा उरकला होता. सिद्धेश्वर मात्र भरली ताटली पुढ्यात घेऊन बसलेला.

"खाल्लं न्हाई?"

"तुमचं व्हायचं होतं ना."

"तुमचा आन माझ्या पूजेचा काय संबंध?"

"न्हाई काई. एकटं गिळवलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी उठले तर तंबूच्या दाराशी एक तांब्या, वर झाकण. तो स्टोव्हपाशी पाठमोरा बसला होता. "पूजेला कोमट पाणी चालतंय का, म्हाईत न्हाई मला," तो न वळताच म्हणाला. "आमच्यात असलं नसतंय. चालत नसंल तर हात तरी शेका."

चालत होतं. मी ते कोमट पाणी लिंगावर घातलं आणि तळहातावरून ऊब थेट आत उतरली. देवापुढं बसून माझं अर्धं लक्ष त्याच्या पाठीकडे होतं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

चौथ्या दिवशी आम्ही हिमनदीवर पोचलो. मला वाटलं होतं, पांढरीशुभ्र असेल. ती तर दगडमातीनं माखलेली, मधूनच निळी चीर. बाकीचे फोटो काढत होते आणि सिद्धेश्वर बर्फाला कान लावून आडवा पडला होता.

"काय करून राहिलात?"

"इकडं या. आयका."

मी त्याच्याशेजारी वाकले. खाली खोल कुठंतरी पाणी धावत होतं. आमचे चेहरे वीतभर अंतरावर होते.

"आमच्या गावाला दोन खेपा मिळत्यात," तो म्हणाला. "माय चार घागरीत दिस काढती. आन हे बगा..." मग बर्फावरचा कान उचलून वेगळ्याच आवाजात म्हणाला, "शिवकन्या, मी अहमदपूरला येऊ का? तुमच्या अप्पास्नी भेटाय?"

मला हो म्हणायचं होतं.

"तुमी मराठा, आमी लिंगायत," मी म्हणाले.

"ते मला दिसतंय. तुमचं काय म्हननं, ते इचारून राहिलो."

"मला तुमी आवडता," मी सांगून टाकलं. "लई आवडता. पन तुमी आमच्या दारात आलात ना, तर गौरम्मा त्या दाराबाहेर कदीच पडणार न्हाई. 'एकीला सोडली, तिनं काय दिवे लावले बगा,' म्हणतील काका. आन अप्पास्नी मान वर करता यायची न्हाई."

"गौरम्मा शिकून झाल्यावर?"

"तवर मला घरात ठिवतील का?"

तो उठून बसला. हातमोज्यावरचा बर्फ कितीतरी वेळ झटकत राहिला. "पत्र?"

"पत्र दुकानात येतंय. अप्पा फोडतात."

"मग न्हाई येत," तो म्हणाला. "तुमी म्हनला म्हनून न्हाई येत. ध्यानात ठिवा."

उतरताना बर्फ जिथं निसरडा होता, तिथं त्यानं हात पुढे केला. मी धरला. सपाटी लागल्यावरही थोडा वेळ सोडला नाही, तेवढंच.

मी जशी गेले होते तशीच परत आले, असं अप्पांना वाटलं. गौरम्मा नांदेडला गेली. पहिल्या वर्षाला वर्गात दुसरी आली. नागप्पाकाकांनीच आळीत पेढे वाटले.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न ठरलं, उदगीरचं स्थळ. दुष्काळ हटला नव्हता. लग्नघरात पाणी हवं म्हणून अप्पांनी लातूरच्या कलेक्टर कचेरीत अर्ज केला, आणि हळदीच्या दिवशी दुपारी आळीत टँकर आला. मी हिरवा चुडा भरलेल्या हातांनी हंडा घेऊन बाहेर पडले. नवरीनं जाऊ नये म्हणत होते सगळे, पण बायका कामात होत्या.

टँकरच्या मागच्या तोटीपाशी, हातात खेपांची वही घेऊन सिद्धेश्वर उभा होता.

मी हंडा ठेवला, त्यानं तोटी सोडली. तो माझ्या हातांकडे बघत होता. हिरव्या बांगड्या, मनगटापर्यंत हळद. हंडा भरला. काठावरून पाणी सांडलं, माझ्या पायांवरून वाहत मातीत गेलं... आणि तो बघतच राहिला.

"अवो सायेब!" मागून रांगेतली शेजारीण साखराबाई किंचाळली. "पानी चाललंय की! डोळे फुटले का?"

त्याला ऐकूच आलं नाही. शेवटी मीच वाकले आणि तोटी बंद केली.

"फुकट गेलं," तो पुटपुटला.

"न्हाई," मी म्हणाले. मागं दारात सुट्टीला आलेली गौरम्मा हातात पुस्तक धरून उभी होती. "फुकट न्हाई गेलं."

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग हंडा स्वतः उचलून माझ्या कमरेवर दिला आणि वहीत खेप लिहायला वळला.

"अक्का, कोण हाय गं ते?" गौरम्मानं विचारलं.

"कचेरीतले हायेत. पाण्याचं बघतात," मी म्हणाले, आणि हंडा तिच्या हातात देऊन न्हाणीत जाऊन पोटभर रडले.