विरळ हवेत ढब्बू विसरतो

"सुप्रभात, ____."

ढब्बू थांबला. त्याच्या कपाळावरचा हिरवा दिवा लुकलुकला, विझला, पुन्हा लागला.

"सुप्रभात, ____. आज बाहेर फार थंडी आहे. कानटोपी घाल, ____."

शलाकाचा दात घासायचा ब्रश तोंडातच राहिला. ढब्बू तिचं नाव विसरला होता.

खट्.

आवाज कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरमधून आला. खट्. खट्.

इथं जरा थांबायला हवं. शलाकाला थांबणं जमत नाही. ती जेवतानाही एक पाय हलवत असते. पण आपण थांबू, कारण ढब्बू कोण हे सांगायचं राहिलं.

ढब्बू म्हणजे घरातला यंत्रमानव. ढब्बू मिरचीसारखा गोल, खाली तीन चाकं. शलाका चालायला शिकली तेव्हापासून तिच्या मागे फिरतो. त्याच्या पोटात फक्त आजच्या दिवसाची आठवण मावते. आधीचं सगळं, म्हणजे कराडच्या घाटावर त्याची चाकं वाळूत रुतली ते, शलाकाचा पहिला दात पडला ते, तिच्या बाबांचा शिंकण्याचा आवाज, हे घरच्या कॉम्प्युटरमध्ये साठवलेलं. त्याला काही आठवायचं असलं की तो बिनतारी हाक मारतो आणि कॉम्प्युटर शोधून देतो.

आज कॉम्प्युटर देत नव्हता. खट्.

"आत्या," शलाका ओरडत शेजारच्या खोलीत गेली, "ढब्बू बिघडला."

इंदूआत्या वेधशाळेत शास्त्रज्ञ होती. ताऱ्यांचा उजेड मोजणारी यंत्रं ती सांभाळायची. लडाखच्या या उंच पठारावर नवी वेधशाळा झाली, तिच्यासोबत छोटी वसाहत झाली, वसाहतीला डॉक्टर हवी म्हणून शलाकाची आई आली आणि आईसोबत शलाका, ढब्बू आणि कॉम्प्युटर. बाबा कराडलाच होते. सगळ्यांना येऊन जेमतेम महिना झाला होता.

आत्यानं कॉम्प्युटरच्या पेटीला कान लावला. मग बटण दाबून तो बंद केला.

"बंद कशाला केलास? आता तर त्याला काहीच आठवणार नाही."

"चालू ठेवला असता, तर कधीच काही आठवलं नसतं. ढब्बू ठीक आहे गं. या कॉम्प्युटरची हार्ड डिस्क आजारी आहे."

"कराडला इतकी वर्षं चालली. इथं आल्यावरच काय झालं तिला?"

"हा प्रश्न चांगला आहे," आत्या म्हणाली. "उत्तर तूच शोध."

शलाकाला राग आला. ढब्बू विसरत चाललाय आणि हिला कोडी सुचतायत.

आत्यानं एक कोरा कागद तिच्या हातात दिला. "टेबलाच्या अगदी जवळ आडवा धर आणि जरा पुढे ढकलून सोड."

कागद सोडला. तो टेबलावर पडला नाही, सर्रकन घसरत दुसऱ्या टोकाला गेला आणि खाली उतरला.

"का घसरला?"

"खाली हवा अडकली म्हणून. तिच्यावरून गेला."

"आता ऐक. तुमच्या हार्ड डिस्कमध्ये आरशासारखी चकचकीत चकती असते. एका मिनिटात हजारो वेळा फिरते. आठवणी तिच्यावर चुंबकाच्या बारीक खुणांनी लिहिलेल्या असतात. त्या वाचायला असतं हेड (दांडीच्या टोकावरचा, खुणा वाचणारा इवलासा भाग). पण हे हेड चकतीला टेकत नाही. टेकलं तर ओरखडा, आणि ओरखड्याखालची आठवण गेली. ते चकतीच्या वर तरंगतं. केसाच्या जाडीचे हजारो भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढंच अंतर. तरंगतं कशावर?"

शलाका कागदाकडे बघत होती. पाय हलत होता.

"हवेवर," ती म्हणाली. "फिरती चकती हवा ओढते, त्या हवेवर."

"आणि इथं?"

इथं जिना चढला की शलाकाला धाप लागायची. इथं कुकरशिवाय डाळ शिजायची नाही. आणि फडताळात कराडहून आणलेलं चिवड्याचं पाकीट उशीसारखं टम्म फुगून बसलं होतं. पाकिटातली हवा कराडची, दाट. बाहेरची हवा विरळ. बाहेरचा दाब कमी, म्हणून ते फुगलं.

"इथं हवा विरळ आहे," शलाका हळूच म्हणाली. "हेड नीट तरंगत नाही. खाली येतंय."

खट् म्हणजे काय, हे तिला आता कळलं. हेडला जागा सापडत नव्हती. ते मागे जायचं, पुन्हा शोधायचं, पुन्हा मागे जायचं.

कोडं सुटलं. ढब्बू तसाच.

"मग नवी डिस्क मागवू." शलाकानं मोबाइलवर लेहच्या दुकानाची यादी उघडलीसुद्धा. बोट भराभर खाली. "ही. सगळ्यात मोठी. ढब्बू म्हातारा होईपर्यंत पुरेल."

"घे की," आत्या म्हणाली.

ती इतक्या सहज म्हणाली की शलाकाचं बोट अडलं. ढब्बू कराडला भाजी आणायला जायचा तेव्हा टोमॅटो आधी उलटा करून बघायचा. तसंच शलाकानं डिस्कचं चित्र मोठं करून बघितलं. खाली मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं: तीन हजार मीटर उंचीपर्यंत वापरावी.

आपण सव्वाचार हजारांवर.

"हीपण फिरणारीच," ती पुटपुटली. "हिलाही हवा लागणार. न फिरणारी नसते का?"

"असते. चिपची डिस्क. तिच्यात चकती नाही, हेड नाही, काहीच हलत नाही. सूक्ष्म कप्प्यांमध्ये विजेचा भार (विजेच्या कणांचा साठा) कोंडून ठेवतात आणि कोणत्या कप्प्यात किती भार, हीच नोंद. तिला हवेशी देणंघेणं नाही. पण मावते किती, हे बघ. आणि आपल्या कॉम्प्युटरमध्ये तिची खाच आहे का, हेही बघ. नाहीतर आणायची आणि हातात धरून बसायचं."

शलाकानं पेटीचं झाकण काढून खाच शोधली. होती. ढब्बूच्या सगळ्या आठवणी मावतील आणि वर तेवढीच जागा उरेल, अशी डिस्क तिनं निवडून लेहहून मागवली.

गाडी येईपर्यंतचे दिवस

ढब्बू रोज सकाळी म्हणायचा, "सुप्रभात. आपण कोण?"

शलाका रोज सांगायची. संध्याकाळपर्यंत त्याच्या लक्षात राहायचं.

सामानाची गाडी आली. डिस्क च्युइंग गमच्या पट्टीएवढी निघाली. शलाका कॉम्प्युटरची वायर काढायला धावली, तोवर पट्टी आईच्या हाती लागली होती.

आता बसवणं. इथली हवा कोरडी, अंगात लोकरीचा स्वेटर, त्यामुळे कशालाही हात लावला की ठिणगी. ती ठिणगी चिपला मारक. म्हणून शलाकानं स्वेटर काढला आणि आधी पेटीच्या उघड्या लोखंडाला हात लावला. अंगातली वीज तिकडे गेली. पट्टी तिरकी धरून खाचेत सरकवली, आडवी दाबली, एक स्क्रू पिळला. जुनी डिस्क काढून ठेवली होती, ती अजून जोडायची नव्हती. कॉम्प्युटर नुसत्या नव्या डिस्कसह सुरू केला.

पडद्यावर अक्षरं आली: डिस्क सापडली नाही.

पुन्हा बंद, पुन्हा सुरू. डिस्क सापडली नाही.

"मीच मोडली," शलाका म्हणाली. तिचा पायही हलायचा थांबला.

आत्यानं वायर काढली, पट्टी बाहेर घेतली, खिडकीशी धरली. पट्टीच्या टोकाला सोनेरी दातांची ओळ असते. त्या दातांतून नोंदी ये-जा करतात. ओळ अर्धी सोनेरी होती. अर्धी लाल.

"वहिनी," आत्यानं हाक मारली, "हिला कुंकू लावलंस?"

दारात आई. हातात औषधांचा ट्रे. "मग? नवी वस्तू घरात आली. फ्रिजला लावलं, तुझ्या दुर्बिणीला लावलं, हिलाच वगळू?"

"दुर्बिणीच्या खांबाला लावलंस गं. आरशाला नाही लावलंस."

"हिचा खांब कुठला ते मला काय ठाऊक? सोनेरी दिसलं, म्हटलं तोंड असेल."

शलाकाला रडता रडता हसू फुटलं. आईनंच दवाखान्यातून स्पिरिट आणि कापूस आणला. दात एकेक पुसले, वाळू दिले, पट्टी परत बसवली. या वेळी कुंकू पेटीच्या झाकणावर लावलं, बाहेरून.

डिस्क सापडली. पण आत जाता येईना.

"मैदान आणलंस, चुन्याच्या रेघा मारल्या नाहीस," आत्या म्हणाली. "नुसत्या मैदानावर कबड्डी कशी खेळणार? कोण कुठं उभं राहणार? डिस्कवरही आधी आखणी लागते (कोणती नोंद कुठं ठेवायची, याची चौकट). पण आधी नीट बघ, कोणत्या डिस्कची आखणी करतेयस. आखणी केली की आधीचं पुसलं जातं."

म्हणून तर जुनी डिस्क जोडली नव्हती. शलाकानं आखणी केली. घर तयार झालं.

राहायला येणारा मात्र जुन्या घरात अडकलेला होता.

जुनी डिस्क पुन्हा फिरवली, तर हेड घासेल. फिरवली नाही, तर आठवणी बाहेर कशा येणार?

"डिस्क घेऊन खाली जाऊ," शलाका म्हणाली. "जिथं हवा दाट आहे तिथं."

"घाटात बर्फ पडलंय. गाडी आता लवकर जात नाही. शिवाय खडखडाटात डिस्क टिकायची नाही."

शलाका खोलीत फेऱ्या मारायला लागली. दारापासून फडताळापर्यंत. फडताळापासून दारापर्यंत. चिवड्याचं पाकीट टम्म. दार. पाकीट. ती थांबली.

"आपण खाली जायचं नाही. खालची हवा वर आणायची. आई, दवाखान्यात ती लांब पिशवी आहे ना?"

आईनं आत्याकडे पाहिलं. आत्यानं आईकडे.

पिशवी होती. उंचीची बाधा झालेल्या माणसाला तिच्यात झोपवतात, चेन लावतात आणि पायपंपानं हवा भरत राहतात. आत हवा दाट होते. माणसाला वाटतं, आपण खूप खाली उतरलो.

"पण पेशंट आला की लगेच काढून घेईन," आई म्हणाली. "मग मध्येच असलात तरी. आणि पंप थांबवता येत नाही. आतली हवा झडपेतून जात राहते, ताजी यावी लागते."

पिशवीत कॉम्प्युटर ठेवला, जुनी डिस्क जोडलेली. सोबत बॅटरीची पेटी, कारण वायर बाहेर काढली तर हवा गळणार. शलाकानं आत आणखी एक गोष्ट ठेवली: चिवड्याचं पाकीट. चेन बंद.

पाय.

पाय. पाय.

पिशवी फुगली. तिच्या पारदर्शक खिडकीतून सगळे पाकिटाकडे बघत होते. ते हळूहळू बसायला लागलं, सुरकुत्या पडल्या. हवा दाट झाली होती. अडीच हजार मीटरवरच्यासारखी. जुन्या डिस्कवरचं सगळं नव्या डिस्कवर उतरवायची आज्ञा आत्यानं मोबाइलवरून दिली. जुनी डिस्क फिरली. शलाकानं कान टवकारले.

खट् नाही.

पाय. घाटावरची वाळू आली. पाय. पहिला दात आला. पाय. धाप. "मी करू?" "नको." पाय. बाबांची शिंक. पाय. पायात कळ. पाकीट फुगायला लागलं. खट्. पाय पाय पाय. पाकीट बसलं. दारावर कुणीतरी. ट्रकचा ड्रायव्हर, डोकं धरून. आई उठली. पाय. आईनं त्याला तपासलं, साधी डोकेदुखी, गोळी दिली. पिशवी राहिली. पाय. आत्याचा पाय. पुन्हा शलाकाचा. पाय.

आयुष्यभर शलाकाला सगळे सांगत आले होते, पाय हलवू नकोस. आज कुणी सांगितलं नाही.

"झालं," आत्या म्हणाली.

शलाका जमिनीवरच बसली. चाकांचा आवाज आला. ढब्बू तिच्यासमोर येऊन उभा राहिला. कपाळावरचा दिवा लुकलुकला. लागला. लागलेलाच राहिला.

"शलाका," तो म्हणाला. "स्वेटर कुठं आहे?"

तिनं त्याच्या गोल पोटाला मिठी मारली.

"माझ्या आठवणीत काही जागा रिकाम्या आहेत," ढब्बू म्हणाला. "घाटावर चाकं रुतली, हे आहे. मग काय झालं, ते ____."

ते ओरखड्याखाली गेलं होतं. कुठल्याही हवेत परत येणार नव्हतं.

"मग मी आणि बाबांनी तुला दोरीनं ओढलं," शलाका म्हणाली. "आणि बाबाच पाण्यात पडले."

"नोंद केली," ढब्बू म्हणाला. मग त्यानं विचारलं, "पुढच्या वर्षी आत्या चंद्रावर दुर्बीण बसवायला जाणार आहे. तिथं तर हवाच नाही. मी कॉम्प्युटरसकट तिच्याबरोबर गेलो, तर तुला विसरेन?"

"हवेचं काही नाही. आता तुझ्या डिस्कमध्ये काहीच तरंगत नाही. पण तिथं दिवसा रखरखीत ऊन, रात्री कडाक्याची थंडी. ते चिपला चालतं का?" शलाकानं आत्याकडे पाहिलं.

"हा प्रश्न चांगला आहे," आत्या म्हणाली आणि चिवड्याचं पाकीट फोडलं.

शलाकानं मूठ भरून घेतली. तिचा पाय हलायला लागला होता.