जळक्या तारेचा आळ

“तूच! तूच ती तार ओढलीस!” मामा असा गरजला, की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं जी उडाली, ती म्हणे आठवडाभर परतलीच नाहीत!

“मी हातसुद्धा लावला नाही!” करवत ओरडली. तिच्या जिभेची धार बघून घरच्यांनीच ठेवलेलं हे नाव. आणि ताईची पाठ कधी न सोडणारा तिचा धाकटा भाऊ म्हणजे शेपूट.

चार वर्षं खपून मामाने शेडमध्ये विमान बांधलं होतं. खरंखुरं, दोन माणसांचं! आज दुपारी ते पहिल्यांदा उडायचं होतं. पण सकाळी स्टार्टरचं बटण दाबलं, तर इंजिन नुसतं कण्हलं आणि त्याचा वेग कमी-जास्त करणारी तार चक्क धुरावली! आता ती काळीठिक्कर होऊन टेबलावर पडली होती.

“पोरांचेच उद्योग,” वायरिंग करणारे मिस्त्रीकाका चहा फुंकत म्हणाले. “माझं काम चोख आहे.”

“नवी तार बसवतो आणि उडवतो!” मामा म्हणाला. “तुम्ही चालते व्हा. सुट्टीभर इथे फिरकायचं नाही!”

करवतीने बाहेर येऊन बादलीला अशी लाथ घातली, की ती गडगडत फाटकापर्यंत गेली. तीन सुट्ट्या तिने मामाला स्क्रू वेचून दिले होते. आणि हे बक्षीस!

“ताई, ओढली तर तार तुटेल. जळेल कशी?”

“गधड्या, हे आत का नाही बोललास?”

“आत तू बोलत होतीस ना!”

करवत थबकली. जळली म्हणजे तारेतून वीज गेली. पण ती तार विजेची नव्हतीच! मग विजेची नेहमीची वाट कुणी अडवली, की तिला या तारेतून जावं लागलं? गेल्या रविवारी इंजिन एका फटक्यात फिरलं होतं. त्यानंतर मामाने एकच काम केलं होतं... रंग! सगळ्या सांगाड्याला पिवळाधमक, तीन हात. शेजारचं मांजर तिथे जरा झोपलं, तर पिवळं होऊनच उठलं!

ती तशीच आत घुसली. “मामा, इंजिनापासून सांगाड्याला जाणारी, वीज बॅटरीकडे परत नेणारी तांब्याची पट्टी रंगवताना काढली होतीस?”

“काढली आणि परत बसवली. तुला काय करायचंय?”

“रंगावरच बसवलीस! रंगातून वीज जाते का? मिस्त्रीकाका, तुमचा तपासायचा बल्ब द्या!”

बल्बची एक वायर बॅटरीला, दुसरी इंजिनाला. बल्ब ढिम्म! मिस्त्रीकाकांचा चहा कपातच राहिला. करवतीने पट्टीचा बोल्ट काढला आणि कानस उचलली.

“ए! माझा रंग!”

“खड्ड्यात गेला तुझा रंग!” खर्र, खर्र! “वर गेल्यावर नवी तार जळली असती तर? कुठे उतरला असतास, सांग ना!” तिचा आवाज फाटला.

उघड्या लोखंडावर पट्टी घट्ट बसली. बल्ब लख्ख पेटला!

मामा मटकन स्टुलावर बसला. “चुकलं माझं, बाई. उगाच आळ घेतला.”

“मीही न बघताच बोललो,” मिस्त्रीकाका कान पकडत म्हणाले. “शाब्बास, पोरांनो! आज मिस्त्री तुम्ही.”

नवी तार चढली. पोरं लांब भिंतीपाशी उभी राहिली, मामाने बटण दाबलं आणि पंखा असा घोंघावला, की मिस्त्रीकाकांची टोपी फाटकाबाहेर! उड्डाण मात्र मामाने स्वतःच पुढे ढकललं. आधी एकेक बोल्ट तपासायचा होता, करवतीला शेजारी घेऊन.

“विमानाला नाव तुझंच!” मामाने पिवळा डबा उघडला. “इथेच लिहितो, या पट्टीवर...”

“मामा!” करवत कडाडली. “ब्रश खाली ठेव!”