वेलींना सांगायचे राहिले

"वेलींनो, बायांनो, धनी तुमचा निजला,
दिवा दारीचा विझला, जाग्या व्हा गं.
त्याच्या हातची गाठ, आता माझ्या हाताची,
फुलं सांभाळा पोटाची, शोक करा गं..."

हा आवाज तेस्साने ऐकला, तेव्हा ती रोक्कास्पिनाच्या गडावर नवी नवरी म्हणून आली होती. थोरले धनी गेले होते, आणि तिच्या सासूबाई अनवाणी पायांनी द्राक्षमळ्यात ओळीओळीतून फिरत, प्रत्येक ओळीच्या पहिल्या वेलीवर हात ठेवून ही बातमी देत होत्या. इटलीच्या त्या डोंगराळ मुलखाची रीतच तशी होती. घरचा धनी गेला की घरच्या मालकिणीने स्वतःच्या तोंडाने ते वेलींना सांगायचे आणि ओळीच्या तोंडाच्या मेढीला, म्हणजे खांबाला, काळी लोकर बांधायची. न सांगितले तर वेली फुलोरा गाळून टाकतात. आणि गेलेल्या माणसाला आपण गेलो हे कळत नाही, तो बिचारा कामावर येतच राहतो. त्या दिवशी सासूबाईंच्या मागून दोन तरुण मान खाली घालून चालले होते. दोघेही त्यांच्याच दुधावर वाढलेले. एक तेस्साचा नवरा आल्दोब्रांदो. दुसरा त्याचा दूधभाऊ, रानिएरी.

त्या गोष्टीला कितीतरी वर्षे लोटली होती, आणि आज, उन्हाळ्याच्या तोंडाशी, पूर्वेकडच्या टेकड्यांवर तांबडे फुटत असताना, दरीतले धुके अजून सायप्रसच्या झाडांच्या कमरेला बिलगलेले असताना, द्राक्षाच्या फुलोऱ्याचा तो नुसता श्वासाइतका हलका वास तटापर्यंत चढून येत असताना, गडाला वेढा पडला होता; आणि वेढा घालणाऱ्या फौजेच्या तोंडावर होता तोच रानिएरी. वारशाच्या भांडणात आल्दोब्रांदोने त्याला मुलखाबाहेर काढले होते. तो शेजारच्या ड्यूकची फौज घेऊन परतला होता.

दक्षिण बुरुजावर, रोजच्याप्रमाणे, पूर्ण चिलखत चढवलेली एक आकृती येऊन उभी राहिली. शिबंदीने भाले उंचावून मुजरा केला.

खालून कोणी ओरडले, "अरे, तुमचा धनी मुका झाला की काय?"

"तुमच्याशी बोलायला आम्ही आहोत ना!" दरवाजाचा नाईक ताद्देओ तटावर पोट टेकून गरजला. "धनी फक्त माणसांशी बोलतात. आणि काय रे, आज छावणीत शिजतंय काय? कालचेच जोडे?"

तटावर हशा पिकला. आकृती मात्र हलली नाही. जिना उतरून आत आल्यावर तिने शिरस्त्राण काढले, आणि आतून तेस्साचे घामेजलेले केस खांद्यावर पडले.

आल्दोब्रांदो वसंतातच बाणाच्या जखमेने गेला होता. तळघरात, मद्याच्या मोठ्या पिंपांखालच्या जमिनीत, त्याला मूठमाती मिळाली होती, आणि हे तिघांनाच ठाऊक होते: तेस्साला, ताद्देओला, आणि मळ्याचा म्हातारा माळी बिन्दो याला. शिबंदीने शपथ घेतली होती ती आल्दोब्रांदोच्या हातावर. तो नाही असे कळताच ती शपथ सुटणार होती, दार उघडणार होते. ड्यूकने अभयाचा कौल दिला नव्हता. दार उघडल्यावर गडाच्या आश्रयाला आलेल्या बायापोरांची काय गत होईल, हे खालची जळकी खेडी न बोलता सांगत होती.

बिन्दो जिन्याच्या पायथ्याशी टोपी चुरगाळत उभा होता. "बाईसाहेब, फुलोरा आलाय. आता नाही सांगितलं तर..."

"मेढीला काळी लोकर दिसली की रानिएरी काय समजेल?"

"समजेल." म्हाताऱ्याने चुरगाळलेली टोपी सरळ केली. मग हळूच म्हणाला, "पण काल सकाळी मी मळ्यात होतो, म्हाताऱ्या माळ्याला ते अडवत नाहीत. चौथ्या ओळीत कात्रीचा आवाज ऐकला, बाईसाहेब. गेलो, तर कोणी नाही. कोंब तेवढा हलत होता."

तो आवाज तटावरून तेस्सानेही ऐकला होता.

दुपारी खालून कर्णा वाजला. रानिएरीने पांढरे निशाण पुढे केले आणि निरोप पाठवला: मळ्यात, दोन्हीकडच्या धनुर्धरांच्या नजरेसमोर, वहिनींनी एकटे भेटावे.

ती गेली. रानिएरीने मळ्याच्या बांधावरच शिरस्त्राण उतरवले होते. साऱ्या उतारावर त्याची छावणी पसरली होती, पण वेलींमध्ये एकही तंबू नव्हता, एकाही घोड्याचा खूर उमटलेला नव्हता. त्याच्या कानशिलांवर आता रुपेरी केस होते.

"वहिनी, बुरुजावर रोज उभा राहतो तो माझा भाऊ आहे का?"

"वेढा घालणाऱ्याने नाते विचारू नये, भाऊजी."

"चिलखत त्याचं आहे. चाल त्याची नाही."

"जखमी माणसाची चाल बदलते. बाण तुमच्याच माणसाचा होता."

रानिएरीने तो घाव निमूटपणे सोसला. त्याची नजर मेढ्यांवरून फिरली. "मेढीला लोकर नाही, म्हणून आजवर मी मनाची समजूत घातली. पण माझी माणसं तापाने झोपलीत, रसद आटलीय. आज मला पक्कं कळलं पाहिजे. तो नसेल, तर मी इथूनच तुमच्या शिबंदीला हाक घालीन. पुढचं तुम्ही जाणता. असेल, तर त्याच्या हयातीत हा गड पडणार नाही, हेही मी जाणतो. मी तळ उठवीन." त्याने समोरच्या जुन्या वेलीकडे बोट केले. "हात ठेवा, वहिनी. मला नका सांगू. यांना सांगा."

तटावर ताद्देओ दिसत होता; त्याच्यामागे, लेकरे कडेवर घेतलेल्या बाया. इकडे ही वेल, जिच्यावर सासूबाईंनी हात ठेवला होता. आणि नेमके त्याच वेळी ओळीच्या टोकाला कात्रीचा आवाज झाला. वेल मेढीला बांधायला वाळुंजाची ओली डहाळी पिळून गाठ मारताना होतो तसा एक करकर आवाज आला. रानिएरीला काही ऐकू गेले नसावे. तेस्साने तिकडे पाहिले नाही. पाहिले असते तर तिच्या तोंडून खरे निघाले असते.

तिने वेलीच्या खरबरीत खोडावर तळहात टेकला.

"वेलींनो," ती म्हणाली, आणि तिचा आवाज कापला नाही, "तुमचा धनी जिवंत आहे. बरा झाला की स्वतः येईल. तुमच्या गाठी बांधील."

मग त्या कसलेल्या सरदाराने दोन्ही हातांनी तोंड झाकले.

"आईच्या या मळ्यात कोणी खोटं बोललेलं मी ऐकलं नाही," तो म्हणाला. "त्याला सांगा, रानिएरी हरला. आणि... बरं झालं म्हणाला, असंही सांगा."

दुसऱ्या सकाळी तंबू उतरले. पण टेकड्यांवर त्याचे टेहळे राहिले होते, म्हणून तेस्सा चिलखत घालून उभी राहतच गेली, आणि तिच्या डोळ्यांदेखत फुलोरा गळला. जमिनीवर हिरवट भुकटी पसरली. मित्रराज्याची कुमक आली तेव्हा वेलींवर एक मणीही धरलेला नव्हता.

मग तिने चौकात उभे राहून शिबंदीला खरे सांगितले. माणसे गुडघ्यांवर बसली. घंटा वाजल्या. ताद्देओसारखा माणूस हुंदके देऊन रडला. शरदात टोपल्या रिकाम्याच परत आल्या, पण बोलले कोणी नाही. त्या टोपल्यांच्या मोलावर आपली पोरे वाचली हे सगळ्यांना ठाऊक होते. साऱ्या मुलखाला बातमी कळली. कळली नाही ती फक्त वेलींना.

बिन्दोला वाटे, बाईसाहेब आज जातील, उद्या जातील. तेस्सा जाई, पण सांगण्यासाठी नव्हे. पहाटे ती ओळीच्या तोंडाशी जाऊन नुसती उभी राही. हिवाळ्यानंतर बांधायचे काम निघाले, तेव्हा काही वेली आधीच बांधलेल्या सापडल्या. गाठ डाव्या हाताची. आल्दोब्रांदो डावखुरा होता.

पुन्हा उन्हाळा तोंडाशी आला. पुन्हा तो श्वासाइतका हलका वास.

"बाईसाहेब," बिन्दो म्हणाला, "आता कुठला वेढा आहे? आता तरी सांगा."

"सांगितलं तर ते यायचे नाहीत, बिन्दो."

म्हाताऱ्याने एक कोंब हातात घेऊन तिच्यापुढे धरला. "गाठी बघा त्यांच्या. पूर्वी कशा असायच्या, वारा सोडवू शकत नव्हता. आता बघा." गाठ त्याच्या बोटांत आपोआप उलगडली. "धनी थकलेत, बाईसाहेब."

तेस्साने ती डहाळी घेतली. कितीतरी वेळ ती बोटांत फिरवत राहिली. मग तिने पायांतले जोडे काढून बांधावर ठेवले, आणि ओलसर मातीतून चालत त्या जुन्या वेलीपाशी गेली. ओळीच्या टोकाला कात्री वाजत होती, सावकाश, थांबून थांबून. सासूबाईंची ओवी म्हणायला तिने तोंड उघडले, पण सूर फुटेना. तिने कपाळ खोडाला टेकले.

"वेलींनो, मी तुमच्याशी खोटं बोलले," ती म्हणाली. "तुमचा धनी गेला. माझाही गेला. आता त्यांना निजू द्या."