कुंकू आणि तांबडा दिवा

जेसल पार्कातल्या दत्तारामांना माणसं दिसत, पण चेहरे दिसत नसत. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भागच खराब झालेला. समोर बघावं तर नेमका तिथेच करडा डाग. बायकोचं, हंसाचं तोंड बघून वर्षं लोटली होती. "मरायच्या आधी एकदा तुझा चेहरा धड दिसू दे, बाकी काही नको," ते म्हणत. "एवढं काय सोनं लागलंय माझ्या तोंडाला!" हंसाबाई उडवून लावत.

सिल्व्हर पार्कातल्या डॉक्टर संपदा नव्या उपायाचा प्रयोग करत होत्या. सुई नाही, चिरफाड नाही. मंद तांबड्या दिव्यासमोर थोडा वेळ नुसतं बसायचं. गुण येईलच असं नाही, हेही त्यांनी बजावलं होतं. हंसाबाई भावाकडे रत्नागिरीला गेल्या, तेव्हा शेजारच्या दुर्गावहिनी दत्तारामांना रिक्षाने तिथे नेऊ लागल्या.

आणि काय सांगावं, गुण आला की! आधी दुकानांच्या पाट्या दिसल्या, मग हातगाडीवरचे टोमॅटो, मग चेहरे. पहिला दुर्गावहिनींचा. पण कपाळ कोरं.

"वहिनी, आज कुंकू नाही लावलंत?"

"अहो भाऊजी, हे काय, एवढं ठसठशीत लावलंय!"

दत्ताराम ओशाळले. वहिनींच्या साडीचे लाल काठ तर स्वच्छ दिसत होते.

"दिव्यानंतर रंग थोडे मागेपुढे होतात, घाबरू नका," डॉक्टर म्हणाल्या. पटलं.

त्याच आठवड्यात वहिनींचे यजमान काशीनाथराव, चांगला धडधाकट माणूस, दूध घेऊन येताना जिन्यातच गेले.

दत्तारामांना वहिनींचं ते कोरं कपाळ आठवलं. योगायोग, दुसरं काय, असं मनाला बजावत ते एकटेच शेवटच्या खेपेला गेले. डॉक्टरांची लाल टिकली मात्र त्यांना लख्ख दिसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बेल वाजली. हंसा आली होती.

ज्या चेहऱ्यासाठी जीव टांगणीला लागला होता, तोच बघायचा धीर होईना. दार उघडलं तरी मान खालीच. पायांतली जोडवी. हिरवी साडी. मंगळसूत्र.

मग वर पाहिलं. तीच हनुवटी, तेच हसू. देवा! डोळे भरून आले.

"अहो, खरंच दिसतंय?"

कपाळ कोरं होतं.

"हंसा, कुंकू..."

"लावलंय की. आत्ताच रिक्षात नीट केलं. तुम्ही बघणार ना आज!"

त्यांनी बोट त्या कोऱ्या कपाळावर टेकवलं, डोळ्यांसमोर धरलं.

बोट लालभडक झालं होतं.