हळदीतला सरळ पट्टा

“बाई, माझ्या हळदीत रंग हाय म्हणून भर बाजारात तुमीच अहवाल वाचलासा. आता तुमीच सांगा, कुणी घातला?”

पलूसचे हंबीरराव विश्रामबागच्या प्रयोगशाळेच्या दारात उभे होते. सत्त्याण्णवची दिवाळी तोंडावर आलेली आणि त्यांच्या हळदपुडीला सांगलीत कुणी हात लावेना. हळद तपासणाऱ्या विनोदिनीबाईंना त्यांच्याकडे वर बघवेना.

त्यांनी हळदीच्या नमुन्याचं ते चित्र पुन्हा पडद्यावर आणलं. इवलासा कॅमेरा चित्र एकदम काढत नसे. एकेक ओळ टिपायची, तिचा उजेड शेकडो रंगांत फोडायचा, मापासाठी पेटीत जपलेल्या छोट्या पांढऱ्या फरशीच्या उजेडाशी ताडायचा. मग संगणक ओळी जुळवून चित्र उभं करी. परक्या रंगाचा पट्टा मधोमध होता, वरपासून खालपर्यंत सरळ.

भेसळ कधी पट्टी लावून आखल्यासारखी बसते? बाईंनी कॅमेऱ्याखालची हळदीची ताटली फिरवली. पट्टा जागचा हलला नाही. हळदीऐवजी तांदळाचं पीठ ठेवलं. पट्टा तिथंच!

त्यांनी पेटीतली पांढरी फरशी काढली. मधोमध फिकट गुलाबी डाग होता.

“धवल, खंडेनवमीची पूजा कुणी केली?”

“नारायणसरांनी,” मदतनीस धवल म्हणाला. “मी हार आणायला गेलो होतो.”

“या पेटीची किल्ली?”

“सरांकडंच असते.”

विभागप्रमुख नारायणसर आपल्या खोलीत चहा पीत होते.

“सर, फरशीवर डाग आहे.”

“छे! कुंकू तर मी लगेच पुसलं...” सरांची बशी कलंडली.

“कुंकवाचा डाग असं मी म्हणाले नव्हते, सर.”

सर सांडलेला चहा रुमालानं टिपू लागले.

“तुम्ही फरशीचीही पूजा केलीत. पुसलंत, पण डाग मुरला. संगणक तोच पांढरा धरून प्रत्येक ओळ ताडत राहिला. म्हणून प्रत्येक ओळीत, त्याच जागी, खोटा रंग. हे तुम्हाला कधी कळलं?”

“हंबीरराव पहिल्यांदा रडत आले तेव्हा. दिल्लीहून माणसं कॅमेरा बघायला येणार होती, म्हणून गप्प बसलो.”

बाईंना सरांची लाज वाटली, पण स्वतःची जास्त. सरळ पट्टा त्यांनीही पहिल्याच दिवशी पाहिला होता. नव्या यंत्राच्या तोऱ्यात साधी शंका घेतली नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाजारात सर रिक्षातून उतरलेच नाहीत. हळदीचा लिलाव चालला होता, त्या सौद्यात बाई एकट्याच उभ्या राहिल्या.

“हंबीररावांची हळद चोख आहे. चूक आमची होती, आणि मी...” त्यांचा आवाज उतरत गेला.

हंबीरराव पोत्याला टेकून ऐकत होते.

“मोठ्यानं, बाई,” ते म्हणाले. “मागच्यांस्नी ऐकू येईना.”