बुडबुडा आलेली बाटली

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. शनिवारी दुपारी दोनला घाटकोपरच्या एका कॉलेजातली प्रयोगशाळा रिकामी झाली आणि नलिनी एकटीच मागे राहिली. काम साधंच होतं. पाच दिवस थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवलेल्या पाण्याच्या बाटल्या काढायच्या आणि पाण्यात किती प्राणवायू उरलाय ते मोजायचं. घाण पाणी पाच दिवसांत आपल्यातला प्राणवायू खाऊन टाकतं. जितकं घाण, तितकं खादाड. एमएस्सी झाल्यापासून नलिनीनं हे शेकडो वेळा केलं होतं. आज मात्र कपाटाच्या मुठीला हात लावायचा तिला धीर होईना.

कारण आत खंडूची बाटली होती.

खंडू प्रयोगशाळेतला शिपाई. मुलुंडच्या डोंगराखाली, बंद पडलेल्या दगडाच्या खाणीशेजारच्या वस्तीत राहायचा. खाणीत पाणी साचून तळं झालेलं. कुठल्या कुठल्या कारखान्यांचे ट्रक येऊन त्यात पिंपं रिकामी करून जायचे आणि वस्तीतल्या बाया तेच पाणी हंड्या-कळशीनं घरी न्यायच्या. पोरांच्या अंगावर चट्टे उठायला लागले तेव्हा खंडूच नलिनीच्या मागे लागला. “बाई, साऱ्या जगाचं पाणी तपासता, आमचं बी बघा की एकदा.” म्हणून ती गेली. त्याच्याच भल्यासाठी गेली, असं ती सोमवारपासून स्वतःला बजावत होती आणि त्यानं काडीचाही फरक पडत नव्हता.

आता ही बाटली भरायची रीत ऐका, म्हणजे पुढचं कळेल. पाणी हवं खोलातलं. ते वर काढायचं यंत्र कॉलेजात होतं, पण मोडून दीड वर्ष झालेलं आणि दुरुस्तीचा अर्ज कुठल्याशा फायलीत पडलेला. मग खंडू बाटली घेऊन बुडी मारायचा, खाली बूच काढून ती भरायचा आणि खालीच बूच लावून वर यायचा. आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये. राहिला तर आकडा खोटा येतो, नमुना फुकट जातो. बाटली हरवू नये म्हणून तिच्या गळ्याला दोरी बांधायची आणि दोरीचं दुसरं टोक नलिनीच्या हातात. दोरी माणसाला बांधावी हे, देवाशप्पथ सांगतो, कुणाच्या डोक्यातच आलं नाही! आणि म्हणे शिकलेली माणसं!

सोमवारी भर उन्हात खंडूनं पहिली बाटली वर आणली. नलिनीनं ती डोळ्यांसमोर धरली. आत मोहरीएवढा बुडबुडा होता.

“परत भर, खंडू. आणि जरा आणखी खाली जा.”

तो धापा टाकत होता, ओठ निळे पडले होते. पण त्यानं मान हलवली, बाटली रिकामी केली आणि गेला.

दोरी सरसर खाली गेली. थांबली. मग बराच वेळ काहीच नाही… शेवटी नलिनीनं घाबरून दोरी ओढली तर बाटली तेवढी वर आली. बूच घट्ट लावलेलं, आत बोराएवढा बुडबुडा, आणि खंडूचा पत्ता नाही. बंबवाल्यांनी तीन दिवस गळ टाकले. गळाला साड्या लागल्या, सायकल लागली, एक गंजकं पिंप लागलं. तळच लागत नाही म्हणाले आणि निघून गेले.

नियमानं ती बाटली फेकून द्यायची. नलिनीला ती फेकवली नाही. गुपचूप बाकीच्यांबरोबर कपाटात ठेवून दिली.

आता तिनं दार उघडलं. थंड हवेबरोबर ओल्या दगडाचा वास आला. तिनं खंडूची बाटली टेबलावर आणली. बुडबुडा बाटलीच्या तळाशी बसला होता. हवा ती, वर यायला हवी! नलिनीनं बूच दाबून धरलं आणि बाटली उलटी केली. बुडबुडा हळूहळू सरकला आणि खाली, बुचापाशी जाऊन बसला. तिनं बाटली सुलट केली. तो पुन्हा तळाला गेला.

“बाई… लागला का पत्ता?”

दारात जया उभी होती, खंडूची बायको. रोज यायची, रोज हेच विचारायची. कपाळावर कुंकू होतं. “सासू म्हणती, पूस आता,” ती म्हणाली. “मी म्हणलं, काय बघून पुसू? मेल्यालं कुणी दावलंय का मला? जित्ता हाय का मेलाय, येवढं तरी सांगा कुणी.”

नलिनीला रडू आवरेना. पाच दिवस कुणापाशी न बोललेलं सगळं तिनं बोलून टाकलं. “मीच पाठवलं गं त्याला दुसऱ्यांदा. तो दमला होता, मला दिसत होतं. एवढ्याशा बुडबुड्यासाठी… मीच मारलं त्याला.”

जयानं तिला शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. ती टेबलापाशी आली आणि बाटलीकडे एकटक बघत राहिली. बुडबुडा किंचित आकसला. मग फुगला. पुन्हा आकसला.

“दम धरून बसल्यात,” जया हलकेच म्हणाली. “उघडा, बाई.”

“नको, जया… उघडलं की…”

“काय व्हायचं ते हुईल. मला कळू द्या.”

नलिनीनं बूच फिरवलं. ते निघालं. जयानं कुंकवावर पदराचं टोक नेऊन ठेवलं आणि दोघी बघत राहिल्या. बुडबुडा तळापासून सुटला, सावकाश वर चढला आणि बाटलीच्या तोंडाशी येऊन फुटला.

आवाज अगदी बारीक होता. लांबून, पाण्याच्या फार खालून आल्यासारखा. पण बोलण्याची ढब त्याचीच, कामातली, नेहमीची.

“बाई… लई खाली आलोय… तळ न्हाई लागत. अजून किती खोल जाऊ?”

नलिनी स्टुलावर बसली. त्या खाणीची खोली तिनं कधी मोजलीच नव्हती.

जयाचा पदर कपाळावरून खाली आला. कुंकू तसंच होतं. ती बाटलीवर वाकली आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं मायेनं म्हणाली,

“अवं, थांबा तितंच. बाई यायला लागल्यात मोजायला.”