विघटनाचा देह

पोलिश गणितवाल्यांनी शब्द ठरवताना एखाद्या खाटकाला मदतीला घेतलं असावं, असं हॅल्श्काला नेहमी वाटायचं. कोन घेत घेत जाणाऱ्या रेषेला ते 'मोडलेली' म्हणत. वरून कापलेल्या शंकूला 'शिर उडवलेला'. आणि बीजगणितात संख्यांच्या ज्या संचाला रशियन लोक साधं 'शेत' म्हणत, त्याचं पोलिश नाव होतं 'देह'.

एक जाडजूड रशियन ग्रंथ पोलिशमध्ये आणायचं काम तिनं अंगावर घेतलं होतं, आणि परिभाषा मंडळानं तिच्या नाकी नऊ आणले होते. प्रत्येक शब्दाला म्हणे छापील आधार हवा! युद्धाआधीचे बहुतेक कोश जर्मनांनी जाळले होते. आधार काय नदीत गळ टाकून काढायचा?

"अगं, बिनसालीचा बघितलास का?" काएताननं विचारलं.

काएतान तिचा थोरला भाऊ. आईबाप युद्धात गेल्यावर स्वतः अर्धपोटी राहून त्यानं तिला वाढवलं होतं. आता तोरुनच्या विद्यापीठात तो भूमिती शिकवायचा आणि दुपारी ग्रंथालयात तिच्यासमोर बसून पेपर तपासायचा. त्याच्याशिवाय तिला जगात कुणी नव्हतं.

बिनसालीचा म्हणजे तळघरातून वर आलेला एक कोश. त्याला कव्हर नव्हतं, पहिली पानं नव्हती, छापणाऱ्याचं नाव नव्हतं. पण ग्रंथपाल सालोमेआबाईंनी त्याला क्रमांक दिला होता आणि मंडळाला तेवढं पुरे होतं. प्रत्येक शब्दाखाली नेटकी व्याख्या, शेजारी आकृती. फक्त उदाहरणाच्या जागी सगळीकडे एकच मजकूर होता: 'उदा. — पहा.'

"कुठे पहा?" हॅल्श्का वैतागली.

"वर पहा, खाली पहा. छापणारा झिंगलेला असणार," काएतान हसला.

तिनं कोशात 'मोडलेली रेषा' शोधून काढली, व्याख्या उतरवून घेतली, 'पहा' वाचलं आणि सहज मान वर केली. काचेच्या दारापलीकडे जिन्यावरून सालोमेआबाई चहाचा ट्रे घेऊन येत होत्या. त्यांचा पाय घसरला. कपबश्या फुटल्याचा आवाज झाला आणि मग त्यांची किंकाळी. हॅल्श्का धावली. बाईंचा हात कोपराखाली दोन ठिकाणी मोडला होता, एकदा आत आणि एकदा बाहेर, आणि बाहीतून हाडाचं पांढरं टोक आलं होतं. पुस्तकातली आकृती अगदी तशीच होती. हे आपल्याला त्या क्षणी सुचलं, याचीच तिला लाज वाटली.

पुढच्या आठवड्यात तिनं कोशात 'शिर उडवलेला शंकू' शोधला. खिडकीपाशी उजेड चांगला होता म्हणून ती तिथेच उभी राहून वाचत होती. 'उदा. — पहा.' नजर वर गेली ती थेट अंगणात. म्हातारा व्हालेन्ती, तिथला रखवालदार, फावड्यानं बर्फ ओढत होता. तिला बघून त्यानं टोपीला हात लावला.

छपरावरचा बर्फ सुटला, आणि त्याच्याबरोबर कडेचा गंजका पत्रा.

टोपी आधी पडली असं तिला वाटलं. पण टोपीत डोकं होतं. धड अजून फावडं धरून उभं होतं, आणि खांद्यांवर मानेच्या जागी एक सपाट गोल राहिला होता. मग त्या गोलातून रक्त उसळलं आणि बर्फातून वाफ निघाली.

हॅल्श्काच्या हातात कोश उघडाच होता. आकृतीतल्या शंकूचा वरचा गोल कुणीतरी बारीक रेघांनी काळा केला होता.

"पत्रा कित्येक वर्षं गंजत होता," काएतान म्हणाला. त्याचाही चेहरा उतरला होता. "जिना घसरडा होता. हॅल्शे, दोन अपघात म्हणजे सिद्धान्त नव्हे."

"वाचल्यावर मला जो माणूस दिसतो, तो उदाहरण होतो, दादा."

"मग उरलेला शब्द मी वाचतो. कुठला राहिलाय?"

तिनं पुढ्यातल्या यादीवर तळवा ठेवला. त्यानं तिच्यासमोरचा कागद ओढून घेतला. रशियनमध्ये होतं 'विघटनाचं शेत'. त्याचं पोलिश करायचं तर एकच शब्द शक्य होता.

"विघटनाचा देह," काएतान मोठ्यानं म्हणाला. "वा! मुलं वर्गात हसतात याला. म्हणतात, सर, कुजला का हो?"

त्यानं पान काढलं आणि ओळीखालून बोट फिरवत वाचायला लागला.

"दादा, नको."

"ज्या लहानात लहान देहात..."

"दादा, पाया पडते!"

"अगं, गप्प बस. वाचू दे."

त्याच्यासमोर ती होती आणि शेजारी खिडकीची काच. काचेत त्याचा स्वतःचा चेहरा होता.

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं दादावर हात उगारला. पितळी पेपरवेट उचलून त्याच्या कानशिलावर हाणला. तो उठला, तिचं मनगट धरलं, तिनं पुन्हा हाणला. खुर्ची उलटली. रक्त त्याच्या कॉलरमध्ये उतरलं. तिनं कोश हिसकावला, डोळे मिटून चाचपडत खोली तापवणाऱ्या लोखंडी शेगडीचं दार उघडलं आणि तो आत कोंबला. हात भाजला तरी दार सोडलं नाही.

"वेडी झालीस," तो जमिनीवरून म्हणाला. कान फाटला होता. "मंडळाला काय सांगशील?"

"शब्द आधाराशिवाय जाईल. मला तू हवास, दादा."

मंडळानं कुरकुर केली, पण तो शब्द जाऊ दिला. ग्रंथामागच्या शब्दसूचीत त्याची व्याख्या तिनं स्वतः लिहिली. उदाहरण दिलंच नाही.

वसंतात प्रुफं आली. रविवारी दुपारी काएतानच्या स्वयंपाकघरात ती तपासत बसली होती. समोर तो आंबट सूप ढवळत होता. कानाची जखम आता भरली होती. ओळीखालून बोट सरकवत ती विघटनाच्या देहापाशी आली. व्याख्या तिचीच होती, एकही चूक नव्हती.

खाली तिनं न लिहिलेली एक ओळ होती.

'उदा. — पहा.'

मान वर करायची नाही.

समोर पळी पातेल्याला लागून वाजत होती.

"काय गं, चूक सापडली?"

"तू जेव, दादा."

"इकडे बघ तरी. पांढरी पडलीस."

"नाही बघत."

ती बघणार नव्हती. दादा वाचला होता. तिला हसूच आलं. नजर तिनं कागदावर, त्या ओळीवर घट्ट रोवून ठेवली.

त्या ओळीखाली तिचं बोट होतं.

"हॅल्शे," काएतान पातेल्यावर वाकून म्हणाला, "सूप नासलंय का गं? कसला वास येतोय?"

तिनं बोट उचललं. नख कागदावरच राहिलं.